आगमनकाळ: उपवासाचे दिवस खरेदीचे कसे झाले?

खरेदी, केक, रोषणाई आणि पाहुण्यांच्या धावपळीत येशूजन्माचा अर्थ मागे पडतो, अशी खंत दर डिसेंबरात ऐकू येते. ती खरी आहे. पण इतिहास पाहिला तर दोष तयारीवर ढकलता येत नाही, कारण पूर्वी नाताळची तयारी हीच साधना होती.

पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधील तूर शहराचे बिशप पर्पेच्युअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्याला तीन उपवासांचा नियम घालून दिला. पुढच्या शतकात माकों येथील धर्मसभेने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे वार पक्के केले. रोममध्ये हा काळ आखूड होऊन चार रविवारांचा झाला. आपल्याकडचे कॅथलिक ज्याला आगमनकाळ म्हणतात तो हाच. वसईच्या चर्चमध्ये आजही या दिवसांत धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात. रविवारच्या मिस्सेतले, म्हणजे मुख्य उपासनेतले, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत थांबते आणि नाताळच्या रात्री पुन्हा गायले जाते. आनंद मुद्दाम राखून ठेवायचा, ही त्यामागची शहाणी दृष्टी. सणाला सुरुवातच २५ डिसेंबरला होई आणि तो तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत चाले.

सणातल्या खाण्यापिण्यावर आणि दंग्यावर चिडून प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट सुधारकांनी, टोकाचा उपायही करून पाहिला. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ बंद केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. बंदीने काहीच साधले नाही.

खरा बदल एकोणिसाव्या शतकात झाला. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी छापील शुभेच्छापत्र काढले, राणी व्हिक्टोरियाच्या घरातले नाताळचे झाड चित्रांतून घरोघरी पोचले आणि मोठमोठ्या दुकानांनी डिसेंबर आपलासा केला. या झगमगाटाची किंमत कोण मोजत होते, हा प्रश्न मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या दुकानांत नोकरी करणाऱ्या मुली आणि सामान पोचवणारी लहान मुले नाताळच्या आधी रात्री उशिरापर्यंत राबत. कामगारांसाठी लढणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी १९०३ मध्ये या विटंबनेवर कडक लेख लिहिला. त्यांच्या नॅशनल कन्झ्युमर्स लीगने ग्राहकांना विनवले, की खरेदी लवकर उरका, म्हणजे या लेकरांना सण मिळेल. १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निरुपयोगी भेटवस्तू रोखण्यासाठी एक संस्थाच निघाली. तिचा रोख होता नोकरदार मुलींना वरिष्ठांच्या भेटवस्तूंसाठी द्याव्या लागणाऱ्या वर्गणीवर. ही माणसे नाताळच्या विरोधात नव्हती. देणे मनापासून व्हावे, एवढेच त्यांना हवे होते.

लवकर खरेदीची हाक मात्र दुकानदारांनी उचलली आणि हंगाम लांबत गेला. १९३९ मध्ये तर व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे ज्यानंतर नाताळची खरेदी सुरू होई त्या नोव्हेंबरातल्या सणाचा, दिवस आठवडाभर अलीकडे आणला. नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत, हा त्यामागचा उघड हेतू. उपवासाची चौकट आधीच सैल झाली होती. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सार्वत्रिक सक्तीचे उपवास राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोनच दिवसांवर आणले. अंतर्मुख होण्याचे आठवडे कॅलेंडरवर राहिले, पण दिवसभराच्या जगण्यात त्यांना धरून ठेवणारे फारसे काही उरले नाही.

केरळमधल्या सिरियन ख्रिस्ती घरांत मात्र जुना धागा टिकून आहे. तिथे १ डिसेंबरपासून ‘पंचवीस नोंबु’, म्हणजे पंचवीस दिवसांचे व्रत, पाळतात, मांस-मासे वर्ज्य असतात आणि नाताळच्या मिस्सेनंतर व्रत सुटते. घर झाकपाक करणे, येशूजन्माचा गोठा मांडणे, केकची तयारी हे सगळे तिथेही चालतेच; फक्त ते व्रताच्या दिवसांत चालते, आणि जेवणाचे ताट रोज आठवण करून देते की सण अजून यायचा आहे.