पाडव्याला लावलेला लसूण गड्डा का धरत नाही

पुण्यात मार्च लागला की बरेच जण कुंडीत लसूण टोकतात, कारण थंड देशातल्या व्हिडिओत तो वसंतात लावताना दाखवतात, आणि मग पात मस्त येते पण मेमध्ये उपटून बघावं तर खाली गड्डाच नाही. मी पण एकदा पाडव्याला गॅलरीत लावला होता, हाती आली गोटीएवढी एक गोल गाठ, पाकळ्या सुटलेल्याच नाहीत. मला वाटलं खत कमी पडलं, पण कारण बरंच जुनं आहे.

लसूण मूळचा मध्य आशियातला, तिआन शान डोंगरांकडचा. तिथे हिवाळा कडक आणि उन्हाळ्यात दिवस लांबलचक, म्हणून आधी गारवा लागला तरच पाकळ्या सुटायच्या हे त्याच्यात मुरलंय. त्यात त्याला बी जवळपास धरतच नाही, हजारो वर्षं माणसं पाकळीतूनच लसूण वाढवत आलीत, मग जुन्या सवयी सुटणार कशा? तिकडे मार्चमध्ये लावला तरी माती आपल्या डिसेंबरपेक्षा गार असते, त्यामुळे त्यांचं जमून जातं.

आपल्याकडेही तो फार जुना. संस्कृतात त्याला रसोन म्हणतात, रस अधिक ऊन, ऊन म्हणजे कमी: सहा रसांपैकी, म्हणजे चवींपैकी, एक आंबट तेवढी त्यात नाही. 1890 मध्ये आजच्या चीनमधल्या कुचा गावाला भूर्जपत्रावरची संस्कृत पोथी मिळाली, बॉवर हस्तलिखित म्हणतात तिला, तिची सुरुवातच लसणाच्या गुणांनी होते, आणि हे कुचा त्याच तिआन शानच्या पायथ्याला आहे! मला हे वाचून खरंच अंगावर काटा आला.

इथे राहून राहून आपले वाण लहान दिवसात गड्डा धरणारे झाले, त्यांना आपल्या हिवाळ्यातल्या गार रात्री पुरतात. म्हणून लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरला, काढणी फेब्रुवारी-मार्चला. कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 1994 ला नाशिकला सुरू झालं, 1998 ला आपल्या राजगुरुनगरला आलं, भीमा ओंकार आणि भीमा पर्पल हे वाण तिथलेच.

तर दिवाळीचा फराळ संपायच्या आत टोका, टोक वर, बोटाच्या एका पेराएवढं खोल, आणि पात पिवळी पडून आडवी व्हायला लागली की पाणी बंद. मार्चमध्ये लावायचाच असेल तर पातीसाठी लावा, कोवळी कापून खोबरं-मिरचीबरोबर वाटली की भाकरीला दुसरं काही लागत नाही.