बीपीची गोळी बदलता येत नाही?

‘बीपीची गोळी एकदा सुरू झाली की तीच जन्मभर. त्रास झाला तर सोसायचा, नाहीतर बंद करायची.’ पारावर नि लिफ्टमध्ये ऐकू येणारं हे वाक्य अर्धं खरं आहे. उपचार बहुधा दीर्घकाळ चालतात, पण गोळी तीच राहावी लागते असं नाही.

एनालाप्रिल किंवा रामिप्रिल घेणाऱ्या काहींना कोरडा, घसा खवखवणारा खोकला लागतो. मग कफ सिरपच्या बाटल्या संपतात, छातीचा एक्स-रे निघतो, आणि गोळीवर कुणाला संशयच येत नाही! या गोळ्या एक एन्झाइम अडवतात. तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्यही मोडतं. ब्रॅडिकायनिन साठलं की खोकल्याची उबळ येते. लोसार्टन, टेल्मिसार्टन याही बीपीच्याच गोळ्या, पण त्यांची वाट वेगळी, त्यामुळे डॉक्टर बहुधा त्यांच्यावर आणतात. खोकला मात्र लगेच थांबत नाही, काही आठवडे जातात. ओठ किंवा जीभ सुजली तर ती वेगळी गोष्ट: तडक दवाखाना गाठा.

अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, तेही जास्त डोसवर अधिक. डोस कमी करून किंवा दुसरी गोळी जोडून अनेकदा भागतं.

स्वतःहून गोळी बंद करणं मात्र धोक्याचं. अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल अचानक सोडल्यास छातीत दुखू शकतं, क्लोनिडिन सोडल्यास बीपी उसळतं. शेजारच्या काकांची गोळी उचलणंही तसंच. डॉक्टरकडे जाताना पंधरा दिवसांची रीडिंग्ज आणि त्रास कधीपासून सुरू झाला ती तारीख लिहून न्या.