एक लिटर प्यायचं, पावणेदोन लिटर गमवायचं

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचं मचूळ पाणी पिऊन पिढ्या निघाल्या. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात टॉर्पेडोने बुडालेल्या मालवाहू जहाजांचे खलाशी चहूकडे पाणी असून तहानेने मेले, हे ऐकलं की इथल्या माणसाला वाटतंच: खारं तर खारं, पाणीच ना ते?

फरक प्रमाणाचा आहे. दुसरी सोयच नसेल तर भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 2,000 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. समुद्रात ते 35,000 असतात.

हे मीठ मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं. मूत्रपिंडातली बारीक नळी आत खोल जाऊन वळसा घेऊन परत फिरते. तिला हेन्लेचा फास म्हणतात. या वळशामुळे मूत्रपिंडाच्या गाभ्यात मीठ आणि युरिया (प्रथिनं पचल्यावर उरणारा कचरा) साचतात, आणि तो खारट गाभा लघवीतलं पाणी ओढून रक्तात परत पाठवतो. पण लघवी गाभ्यापेक्षा घट्ट होऊ शकत नाही. माणसात ही हद्द लिटरमागे साधारण 1,200 मिलिऑस्मोल (पाण्यात विरघळलेल्या कणांचं माप). समुद्राचं पाणी हजाराच्या थोडं वर, म्हणजे कागदावर जमायला हवं. जमत नाही, कारण जवळपास अर्धी जागा युरियाने अडवलेली असते. मिठाच्या वाट्याला लिटरमागे जेमतेम 20 ग्रॅम येतं. 35 ग्रॅम काढायला पावणेदोन लिटर लघवी लागते. प्यायलं एक लिटर. वरचं पाऊण लिटर शरीरातून जातं. शिवाय मॅग्नेशियमच्या क्षारांनी जुलाब लागतात, ते वेगळंच.

रक्त खारट झालं की पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं तसंच. मेंदूच्या पेशी आकसल्या की भास होतात. जहाज बुडाल्यावर होडीत बसलेले कित्येक जण त्याच भरात समुद्रात उतरले.

स्वतःची लघवी पिणं हाही उपाय नव्हे, शिवांबूवाले काहीही सांगोत. तहानलेल्या माणसाची लघवी आधीच हद्दीपर्यंत घट्ट झालेली असते. तेच मीठ, तोच युरिया पुन्हा पोटात.

मग करायचं काय? घाम वाचवायचा. दुपारी कपडे समुद्राच्या पाण्यात भिजवून अंगावर ठेवायचे, आपण उन्हात ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळतो तसे; मात्र संध्याकाळपूर्वी वाळवायचे, नाहीतर रात्री थंडी भरते. पहिले 24 तास पाणी द्यायचं नाही, कारण शरीरात तेव्हा पुरेसं असतं आणि जास्तीचं लघवीतून निघून जातं. नंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर, घोटाघोटाने. आणि पाणी नसेल तर मासा हाती लागला तरी खायचा नाही: प्रथिनांचा युरिया होतो, आणि तो काढायला परत पाणीच लागतं.

‘बेनलोमंड’ जहाजावरचा चिनी खलाशी पून लिम 23 नोव्हेंबर 1942 पासून 133 दिवस तराफ्यावर एकटा होता. तो मासे आणि पक्षी खाऊन जगला, पण ते पचले कारण तो कॅनव्हास ताणून पावसाचं पाणी धरत होता.