कल्याण, उटी, खोडद: भारताच्या रेडिओ दुर्बिणींची पार्श्वभूमी

‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बीण प्रकल्पात सहभागी होण्यासाठी केंद्र सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. बातमी आली तशी गेली. चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्याला पाच महिनेही झाले नव्हते. त्या जल्लोषापुढे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या ओसाड माळांवर उभ्या राहणाऱ्या अँटेनांकडे कोण बघणार? पण या प्रकल्पात भारताचा शब्द ऐकला जातो तो नुसत्या पैशामुळे नाही. त्यामागे सत्तर वर्षांचं काम आहे, आणि त्यातला बराचसा भाग महाराष्ट्रात घडला आहे.

रेडिओ खगोलशास्त्र, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अभ्यास, दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावलं. रडारवर काम केलेले तंत्रज्ञ रिकामे झाले आणि त्यांनी आपले अँटेना आकाशाकडे वळवले. सिडनी हे त्याचं एक मोठं केंद्र. १९५२ साली तिथल्या परिषदेला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन गेले होते. हे शास्त्र आपल्याकडे यायला हवं, हे त्यांनी हेरलं आणि पुढच्या वर्षी गोविंद स्वरूप या तरुण सहकाऱ्याला सिडनीला पाठवलं. तिथे पॉट्स हिल इथे सूर्याचा वेध घेणाऱ्या, प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या ३२ डिश होत्या. त्यांचं काम संपत आलं होतं. स्वरूप यांनी त्या मागितल्या आणि ऑस्ट्रेलियाने त्या भारताला देऊन टाकल्या. घोडं अडलं ते जहाजाच्या भाड्यावर. परकीय चलनाची चणचण, दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार, आणि त्यात वेळ जात राहिला. कंटाळून स्वरूप अमेरिकेला गेले आणि स्टॅनफर्डमधून पीएच.डी. झाले.

१९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मिळून इथल्या संस्थांना पत्र लिहिलं: स्वरूप, टी. कृष्णन, मुकुल कुंडू आणि टी. के. मेनन. आम्ही परत यायला तयार आहोत, आम्हाला एकत्र काम करू द्या, असा त्याचा मथितार्थ. जानेवारी १९६२ मध्ये होमी भाभांची तार गेली की टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, असा गट सुरू करते आहे. आज अशा अर्जाला ‘प्राप्त झाला, विचाराधीन आहे’ एवढं उत्तर यायलाही तितकाच वेळ लागेल. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईत रुजू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. पुढे रॉकेटवाल्यांचं नाव घरोघरी झालं, रेडिओवाल्यांचं नाही.

सिडनीच्या त्या ३२ डिश अखेर कल्याणजवळ उभ्या राहिल्या. १९६५ मध्ये त्यांनी सूर्याचं निरीक्षण सुरू केलं. दुर्बीण लहान होती, पण तिच्यावर माणसं तयार झाली.

पुढची उडी मात्र उसन्या सामानावर नव्हती. उटीजवळ एक असा डोंगर शोधला गेला ज्याचा उत्तर-दक्षिण उतार तिथल्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंश आहे. त्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी पन्हाळीच्या आकाराची दुर्बीण बसवली. डोंगराच्या कलामुळे तिचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. त्यामुळे एवढा मोठा सांगाडा एकाच अक्षाभोवती फिरवून एखाद्या स्रोताचा नऊ-साडेनऊ तास पाठलाग करता येतो. हेच काम दोन अक्षांवर फिरणाऱ्या यंत्राने करायचं तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. परावर्तक म्हणून पत्रा नाही, स्टेनलेस स्टीलच्या अकराशे तारा ताणल्या आहेत. १९७० मध्ये ती सुरू झाली.

उटीचा पहिला मोठा कार्यक्रम चंद्राच्या आडोशाने चालला. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून जातो तेव्हा तो स्रोत नेमका कधी आणि कसा झाकला जातो, हे मोजलं की त्याची जागा आणि आकार बारकाईने कळतो. अशा शेकडो स्रोतांचे आकार मोजल्यावर स्वरूप आणि विजय कपाही यांना १९७५ च्या सुमारास दिसलं की मंद, म्हणजे सर्वसाधारणपणे दूरचे स्रोत जवळच्यांपेक्षा वेगळे आहेत. दूरच्या स्रोताचे तरंग आपल्यापर्यंत यायला जास्त वेळ लागतो, म्हणजे दूरचं बघणं हे जुनं बघणं. त्यामुळे विश्व काळानुसार बदलत आलं आहे, या मताला बळ मिळालं आणि विश्व सर्वकाळ एकसारखंच दिसतं असं मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताची बाजू लंगडी पडली. गंमत अशी की त्या सिद्धांताचे खंदे पुरस्कर्ते जयंत नारळीकर १९७२ पासून टीआयएफआरमध्येच होते. एकाच संस्थेच्या छताखाली परस्परविरोधी मतं सुखाने नांदत होती, हे मला त्या संस्थेचं मोठेपण वाटतं. नारळीकरांनी आपली बाजू शेवटपर्यंत सोडली नाही, ते वेगळं.

मधे एक फसलेली योजनाही आहे. विषुववृत्तावर, केनियात किंवा इंडोनेशियात, दोन किलोमीटर लांबीची दुर्बीण विकसनशील देशांनी मिळून बांधायची, असं स्वरूप यांच्या मनात होतं. ते जमलं नाही. मग १९८४ मध्ये त्यांनी डाव बदलला: एक प्रचंड दुर्बीण बांधण्याऐवजी ३० मोठ्या डिश दूरदूर ठेवायच्या आणि त्यांचे संकेत जोडून एकच दुर्बीण तयार करायची. हीच जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप.

जागा ठरली जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला. पुणे-मुंबईचा रेडिओ गोंगाट डोंगर अडवतात, आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातलं मुख्य केंद्र, म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही फार लांब नाही. टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी ओळखलं जाणारं नारायणगाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या तोंडी गेलं ते तेव्हापासून. मध्यभागी १४ डिश जवळजवळ आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर.

एवढी डिश नेहमीच्या पद्धतीने करायची तर ती वाऱ्याला तोंड देईल इतकी जाड आणि जड करावी लागते. इथे लांब तरंगांचा फायदा घेतला. मीटरभर लांबीच्या तरंगांना आरशाचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा लागत नाही. मधे भोकं असली, पृष्ठभाग थोडा वरखाली असला तरी चालतं. म्हणून ताणलेल्या दोरांवर पातळ तारांची जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो, पोलाद वाचतं. श्रीमंत देश तेव्हा लहान तरंगांच्या, महागड्या दुर्बिणींकडे वळले होते. लांब तरंगांचा हा पट्टा त्यांनी जवळपास सोडूनच दिला होता. खिसा बघून केलेली भारताची निवड त्यामुळे मोक्याची ठरली.

२००१ मध्ये ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी अर्पण झाली. पल्सारचा, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांचा अभ्यास तिथे नित्याचा आहे. २०१६ मध्ये मंगळावर उतरताना कोसळलेल्या युरोपच्या स्कियापरेली यानाचा क्षीण संकेत खोडदने टिपला होता. २०२० मध्ये आदित्य चौधुरी आणि सहकाऱ्यांनी सुमारे साडेसात हजार दीर्घिकांचे संकेत एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या अणुरूप हायड्रोजनचा माग काढला. २०२३ मध्ये अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचा पुरावा जाहीर झाला, तेव्हा युरोपीय गटाच्या निष्कर्षात खोडदची निरीक्षणं होती.

‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या नव्या प्रकल्पात ऑस्ट्रेलियात १ लाख ३१ हजार अँटेना आणि दक्षिण आफ्रिकेत १९७ डिश असतील. तीस अँटेना एका सुरात चालवण्याचा अनुभव पुण्याकडे होता, म्हणून या पसाऱ्याचं नियंत्रण करणाऱ्या प्रणालीच्या आराखड्याचं नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आलं.

खोडदची खरी अडचण सध्या आकाशात नाही, आजूबाजूला आहे. मोबाइल टॉवर, कारखाने, विजेची उपकरणं या सगळ्यांचा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग ठरवताना जीएमआरटीचा मुद्दा आडवा आला आणि आधी आखलेला मार्ग सोडण्याची भाषा सुरू झाली. नारायणगाव-संगमनेर भागातून त्याला विरोध झाला. वर्षानुवर्षं रेल्वेची वाट पाहणाऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. दुर्बीण मात्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही, रेल्वेचा मार्ग वळवता येतो. वळवण्याचा खर्च आणि गैरसोय कोणी सोसायची, वाद तिथे आहे.