पीटर द ग्रेट

पीटर द ग्रेट : (३० मे १६७२ – २८ जानेवारी १७२५). रशियाचा झार (कार. १६८२–१७२५) व १७२१ पासून पहिला सम्राट. रोमानॉव्ह घराण्यात मॉस्को येथे जन्म. वडील झार अलेक्सिस. आई नताल्या नारिश्किना ही अलेक्सिसची दुसरी पत्नी.

या नोंदीतील तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाच्या आहेत. पीटर जन्मला तेव्हा रशियात विश्वोत्पत्तीपासून वर्षे मोजत आणि नवे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होई. त्या हिशेबाने त्याचे जन्मवर्ष ७१८० येते. डिसेंबर १६९९ च्या फर्मानाने त्याने ख्रिस्ती सन आणि १ जानेवारीचा वर्षारंभ स्वीकारला, पण ग्रेगोरियन पंचांग घेतले नाही. पोपने काढलेले पंचांग ऑर्थोडॉक्स चर्चच्या गळी उतरणे अवघड होते. शिवाय इंग्लंडही तेव्हा जुनेच पंचांग पाळत होते. त्यामुळे सतराव्या शतकात दहा व अठराव्यात अकरा दिवसांचा फरक राहतो, आणि काही ग्रंथांत त्याचा जन्म ९ जूनला, मृत्यू ८ फेब्रुवारीला दिलेला आढळतो. स्वीडनविरुद्धच्या पोल्टाव्हाच्या लढाईची (१७०९) तारीख तर तीन प्रकारे मिळते : रशियन कागदपत्रांत २७ जून, नव्या गणनेने ८ जुलै, आणि पंचांगसुधारणा अर्धवट सोडलेल्या स्वीडनच्या नोंदींत २८ जून.

सावत्र भाऊ तिसरा फ्योडोर १६८२ मध्ये वारल्यावर दहा वर्षांच्या पीटरला गादी मिळाली. पण स्ट्रेल्त्सी या बंदूकधारी पलटणींनी बंड करून त्याच्या आईच्या पक्षातील अनेकांची क्रेमलिनमध्ये कत्तल केली. तडजोड म्हणून आजारी सावत्र भाऊ पाचवा इव्हान यालाही झार करण्यात आले आणि कारभार सावत्र बहीण सोफिया हिच्या हाती गेला. पीटरच्या चेहऱ्याला पुढे जे झटके येत, त्यांचे मूळ काहीजण या कत्तलीत शोधतात. हे निदान सिद्ध करता येण्याजोगे नाही. मॉस्कोबाहेर प्रिओब्राझेन्स्कोये येथे त्याने सवंगड्यांच्या ‘खेळातल्या’ पलटणी उभारल्या. त्यांतूनच पुढे प्रिओब्राझेन्स्की व सेमिओनोव्स्की ही शाही संरक्षक दळे निघाली. जवळच्या परदेशी वस्तीत स्कॉटिश सेनानी पॅट्रिक गॉर्डन आणि स्विस फ्रांझ लफॉर्ट यांच्याशी त्याची मैत्री जुळली. सोफिया १६८९ मध्ये सत्तेवरून गेली. प्रत्यक्ष कारभारात पीटर आईच्या मृत्यूनंतर (१६९४) उतरला.

तुर्कांचा अझॉव्हचा किल्ला दुसऱ्या प्रयत्नात (१६९६) घेतल्यावर तो ‘प्यॉतर मिखायलोव्ह’ या नावाने पश्चिम यूरोपात गेलेल्या शिष्टमंडळात सामील झाला (१६९७-९८). ॲम्स्टरडॅम येथे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत सुतारकाम करून तो जहाजबांधणी शिकला आणि पुढे इंग्लंडमध्ये डेटफर्डला गेला. स्ट्रेल्त्सींच्या नव्या बंडाची बातमी येताच तो परतला. चौकशीत छळ झाला आणि हजारांवर माणसांना देहदंड दिला गेला. दरबाऱ्यांच्या दाढ्या कापण्याचे प्रकरण याच सुमाराचे. दाढीवरचा कर मात्र १७०५ मधला असून गावात राहणाऱ्या शेतकऱ्याला तो लागू नव्हता.

स्वीडनशी झालेले युद्ध (१७००–२१) हा त्याच्या कारकीर्दीचा कणा होय. नार्व्हा येथील पराभवाने (१७००) सैन्य नव्याने बांधावे लागले. पोल्टाव्हाने युद्धाचे पारडे फिरवले. प्रुट नदीवर तुर्कांच्या वेढ्यात सापडल्याने (१७११) अझॉव्ह परत द्यावे लागले. निस्टाडच्या तहाने (१७२१) बाल्टिकचा किनारा मिळाला. या किनाऱ्याजवळ, नेव्हा नदीच्या मुखाशी, १७०३ मध्ये सेंट पीटर्झबर्गची स्थापना झाली होती. तेथे वेठीला आणलेले किती मजूर मेले याचे परदेशी वकिलांनी दिलेले मोठे आकडे ऐकीव आहेत. अलीकडचे अभ्यासक ते बरेच खाली आणतात.

सीनेट (१७११), महाविद्यालये म्हणविणारी प्रशासकीय खाती (१७१७ नंतर), पाट्रिआर्कच्या (चर्चच्या प्रमुखाच्या) जागी आलेले धर्ममंडळ (१७२१), सरकारी नोकरांच्या दर्जांची चौदा पायऱ्यांची श्रेणीसारणी (१७२२), धर्मेतर छपाईसाठी सोपी केलेली नागरी लिपी, नौकानयनाची शाळा, विज्ञान अकादमी अशा त्याच्या सुधारणांची यादी सर्वपरिचित आहे. त्यामागे आधीच आखलेली योजना होती की युद्धाची गरज, याविषयी मतभेद आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार व्ह. ओ. क्ल्यूचेव्ह्‌स्की यांनी युद्धाला सुधारणांची मुख्य प्रेरक शक्ती मानले. सुरुवातीच्या फर्मानांतील घाई व दुरुस्त्या पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. अखेरच्या सात-आठ वर्षांतील कायद्यांत मात्र स्वीडिश नमुन्यांचा अभ्यास दिसतो. स्लाव्हवाद्यांनी (पाश्चात्त्य अनुकरणाच्या विरोधकांनी) त्याच्यावर रशियाची परंपरा तोडल्याचा आरोप केला. पण परदेशी पद्धतीच्या पलटणी त्याच्या वडिलांच्याच काळी होत्या. या साऱ्याचा खर्च शेतकऱ्यावर पडला. दर पुरुषामागे ७४ कोपेक डोईपट्टी १७२४ पासून वसूल होऊ लागली, आणि तिच्यासाठी केलेल्या शिरगणतीने भूदासाला जमीनदाराशी अधिकच जखडले.

पीटर सुमारे दोन मीटर उंच, अफाट ताकदीचा आणि अस्वस्थ वृत्तीचा होता. दरबारी थाटाचा त्याला कंटाळा; लेथवर हस्तिदंत कातणे, दात उपटणे, जहाजावर सुतारकी करणे यांत तो रमे. ‘विदूषकांची धर्मसभा’ भरवून तो चर्चच्या विधींची नक्कल करी आणि पाहुण्यांना बळजबरीने दारू पाजी. चुकार अधिकाऱ्याच्या पाठीत तो स्वतः सोटा घाली. मात्र आपला लाचखोर सहकारी मेन्शिकॉव्ह याला त्याने अखेरपर्यंत सांभाळले. राजाही राज्याचा सेवक, ही त्याची धारणा खरी होती; प्रजेने ती सेवा आपणहून करावी अशी वाट पाहण्याचा धीर त्याच्यापाशी नव्हता.

थोरला मुलगा अलेक्सिस या सेवेला नाखूश होता. १७१६ मध्ये तो ऑस्ट्रियाच्या आश्रयाला पळाला, अभयाच्या आश्वासनावर १७१८ मध्ये परतला आणि राजद्रोहाच्या आरोपात सापडला. जूनमध्ये त्याला आधी २५ व नंतर १५ फटके मारण्यात आले. १२७ जणांनी देहदंडाच्या निकालावर सह्या केल्या. २६ जून रोजी तो सेंट पीटर्झबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यात मरण पावला. अधिकृत निवेदनाने झटका हे कारण दिले. किल्ल्याच्या दप्तरात मात्र त्याच दिवशी सकाळी झारच्या उपस्थितीत पुन्हा छळ झाल्याची नोंद आहे. उशीने गुदमरवून मारल्याचे वर्णन करणारे एक पत्र एकोणिसाव्या शतकात पुढे आले. ते बनावट मानले जाते. छळानेच मृत्यू ओढवला, हे अनुमान पुराव्याला धरून आहे. दुसऱ्या दिवशी पोल्टाव्हाच्या विजयाचा वार्षिक दिन नेहमीप्रमाणे साजरा झाला.

भारताशी व्यापार जोडण्याचे पीटरचे प्रयत्न झाले, पण त्यांतून फारसे निघाले नाही. १६९५ मध्ये निघालेला सिमेऑन मालेन्की हा व्यापारी सुरतेपर्यंत पोहोचला, पण परतीच्या वाटेवर वारला. भारताची वाट शोधण्याचीही सूचना असलेली बेकोविच-चेर्कास्कीची मोहीम मध्य आशियातील खिव्याच्या खानाने १७१७ मध्ये कापून काढली. मादागास्करमार्गे बंगालकडे जाण्यासाठी १७२३ च्या अखेरीस निघालेली जहाजे गळू लागल्याने बाल्टिकमधूनच माघारी आली. कॉन्स्टँटिनोपल व भारत जिंकण्याचा आदेश देणारे त्याचे तथाकथित ‘मृत्युपत्र’ नेपोलियनच्या रशियावरील स्वारीच्या वर्षी, १८१२ मध्ये, पॅरिसमध्ये सारांशरूपाने छापले गेले. त्याचा मूळ मसुदा पोलिश सेनानी सोकोल्निट्स्की याने १७९७ मध्ये तयार केला असावा. अस्सल प्रत कोठेही नाही. तरी रशिया भारतावर चालून येणार या ब्रिटिशांच्या धास्तीला एकोणिसाव्या शतकात त्याचा आधार मिळत राहिला.

मूत्रमार्गाच्या दुखण्याने पीटरचा मृत्यू झाला. बुडणाऱ्या सैनिकांना वाचवताना गोठत्या पाण्यात उभे राहिल्याने तो आजारी पडला, ही कथा उत्तरकालीन आहे. दुखणे त्यापूर्वीचेच होते. वारस नेमण्याचा हक्क त्याने १७२२ च्या कायद्याने स्वतःकडे घेतला होता, पण कोणालाच नेमले नाही. संरक्षक दळांच्या पाठिंब्यावर त्याची दुसरी पत्नी पहिली कॅथरिन गादीवर आली.