जेवणानंतरची दहा मिनिटं आणि स्नायूंचा दुसरा दरवाजा

‘दहा हजार पावलं काही होत नाहीत, मग चालून उपयोग काय?’ असं म्हणून चालणंच सोडून दिलेली माणसं मला सारखी भेटतात. या आकड्यामागे कुठलंही वैद्यकीय संशोधन नव्हतं. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार हा आकडा घातला. तिथून तो जगभर पसरला. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा फारसा वाढत नव्हता. मुळात धडधाकट माणूस जास्त चालतो, हे धरूनच असे आकडे वाचायचे. पण थोडक्या चालण्यानेही फरक का पडतो, याचं उत्तर स्नायूंच्या आत सापडतं.

आपल्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं. डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम धरली तर त्यात साखर जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा. आणि दोन पोळ्या, वरण, वाटीभर भात यांतून साठएक ग्रॅम ग्लुकोज काही तासांत रक्तात उतरतं! ते उचलण्यात स्नायूंचा वाटा मोठा.

ग्लुकोज पाण्यात विरघळतं, पेशीचं आवरण मात्र स्निग्ध असतं, त्यामुळे ते आपणहून आत शिरू शकत नाही. त्यासाठी आवरणात ‘ग्लुट-४’ नावाच्या प्रथिनाचा दरवाजा लागतो. गंमत म्हणजे एरवी बहुतेक दरवाजे पेशीच्या आतच, इवल्या पुटिकांमध्ये, ठेवलेले असतात. जेवल्यावर स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं, पेशीवरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, आत संदेशांची साखळी सुरू होते, ‘एकेटी’ हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि पुटिका आवरणाला येऊन मिळतात. टाइप २ मधुमेहात हीच साखळी मंदावते.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा मात्र वेगळीच वाट उघडते. एटीपी हे पेशीचं इंधन खर्च होतं, त्यातून उरणारं एएमपी वाढतं आणि त्याने ‘एएमपीके’ हे विकर कामाला लागतं. पुटिकांना अडवून धरणाऱ्या ‘टीबीसी१डी१’ या प्रथिनाला ते फॉस्फेट जोडतं आणि पकड सैल होते. आकुंचनासाठी सुटलेलं कॅल्शियमही मदतीला असतंच. यात इन्सुलिनच्या ग्राहीची गरज पडत नाही, म्हणून इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूही चालताना साखर उचलतो.

हा थेट परिणाम काही तासांत ओसरतो. इन्सुलिनला मिळणारा सुधारलेला प्रतिसाद एक-दोन दिवस टिकतो. रोज चालत राहिलं तर काही आठवड्यांत ग्लुट-४ आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) दोन्ही वाढतात, आणि बसून राहिलं की ही कमाई झपाट्याने घटते. रविवारी सिंहगड चढून उरलेले सहा दिवस खुर्चीत काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

‘मी बारीक आहे, मला काय होतंय’ हेही आपल्याकडे चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

मधुमेह मुळासकट घालवणारी चूर्णं आणि ‘डिटॉक्स’ची पाणी यांच्या जाहिराती पुढे पाठवणं कृपा करून थांबवा. त्यांच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करणारे जिवाशी खेळतात.

जेवण झालं की अर्ध्या तासाच्या आत दहा मिनिटं शतपावली घाला, ती अंगवळणी पडली की पाच मिनिटं वाढवा. गुडघे दुखत असतील तर ओट्याला धरून सावकाश टाचा उचला, पोटरीचा स्नायूही याच रीतीने साखर घेतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल, तर चालणं वाढवण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या, कारण साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.