आखाताला निघालात? आधी पासपोर्ट बघा, मग मसाल्याची पुडी

पासपोर्ट आला की आधी त्यावर 'ईसीआर'चा, म्हणजे 'नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी लागेल' या शेऱ्याचा, उल्लेख आहे का ते बघा. दहावी पास नसाल आणि इतर कुठल्या सवलतीत बसत नसाल, तर तो असतोच. मग सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान धरून १८ देशांत नोकरीला जाण्याआधी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवानगी लागते. दहावी पास असूनही ईसीआर आला असेल, तर बोर्डाची मार्कशीट लावून पासपोर्ट बदलून घ्या. जळगावकरांचं पासपोर्टचं काम जळगावच्या पोस्टातल्या केंद्रात होतं, फी १५०० रुपये.

परवानगीचा अर्ज सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. सोबत नोकरीचा व्हिसा, मालकाशी झालेला करार आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. एजंट नोंदणीकृत आहे का, तेही त्याच पोर्टलवर दिसतं. त्याची फी ३० हजार आणि जीएसटी, याहून जास्त नाही. 'टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बघू' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. पगार बुडाला तर दाखवायला तुमच्या हातात कागदच नसतो.

आता बॅग. शेवभाजीचा काळा मसाला आईने डब्यात भरलाच असणार, आणि त्यात खसखस! अमिराती आणि सौदीत खसखस अमली पदार्थांत मोडते. 'घरगुती आहे साहेब' हे कस्टममध्ये चालत नाही. मसाला न्यायचाच तर बिनखसखशीचा कुटून घ्या. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या यांना आधी परवानगी काढा. डॉक्टरची नुसती चिठ्ठी पुरत नाही.

सौदीत बिगरमुस्लिमांना मक्केत प्रवेश नाही, आणि इतर धर्मांची पूजा उघड्यावर करता येत नाही. अमिरातीत परवानगीने मंदिरं आहेत, अबुधाबीचं २०२४ मध्ये उघडलं. दारू सौदी-कुवेतला सोबत नेऊच नका. रमजानात कुवेतमध्ये दिवसा चारचौघांत खाल्लं-प्यालं तर दंड किंवा कैद होते. टपरीवर सिगारेट ओढणंही त्यातच आलं. केळी विकायला गेलेल्या रावेर-सावद्याच्या व्यापाऱ्यांनाही बॅगेचे आणि तिकडचे हे नियम लागू आहेत, फक्त त्यांना नोकरीचा नाही, व्यवसायाचा व्हिसा लागतो.

तिकडे पोचल्यावर कंपनी पासपोर्ट मागेल. सौदी आणि अमिरातीत कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणं बेकायदा आहे. व्हिसाच्या कामापुरता द्या, काम झालं की परत मागा. कराराची एक झेरॉक्स घरी, देव्हाऱ्याखालच्या पेटीत राहू द्या.